आज यांचं किती?

'मुक्काम शनीपलीकडे' ही आमची मालिका सहा वर्षं चालली, आणि त्या सहा वर्षांत मी एकदाच चुकले. फुशारकी म्हणून नाही सांगत. चूक केवढी घसघशीत होती ते आधीच कळलेलं बरं.

माझं काम कंटिन्युइटीचं. मालिकेतलं यान आकाशात सरळ पुढे जातं, पण शूटिंग सरळ जात नाही. ज्या खोलीचा सेट उभा असेल तिथले सगळ्या भागांतले प्रसंग एकदम उरकायचे आणि सेट मोडायचा, अशी पद्धत. त्यामुळे नट सकाळी दहाला एका बाईशी लग्न करतो आणि साडेअकराला तिला पहिल्यांदाच भेटतो. कोणाच्या कपाळावरची जखम कितव्या भागात भरली, कोणाच्या पेल्यात किती पाणी उरलं होतं, हे मी वहीत लिहून ठेवते. सगळे मला वहीताई म्हणतात. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल कुठेतरी.

जखमा आणि पेले सोपे हो. जीव खातात ती नाती. आमच्या यानाची इंजिनिअर मुळात कप्तानाचा सूड घ्यायला यानावर चढली होती, कारण कप्तानाने तिच्या भावाला एका चंद्रावर सोडून दिलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने कप्तानाचा यांत्रिक हात दुरुस्त केला. चौथ्या वर्षी दोघं एका कपाटाएवढ्या यानात सतरा दिवस अडकले. पाचव्या वर्षाच्या शेवटी तिला कळलं की भावाचा शेवटचा निरोप कप्तानाने तीन वर्षं लपवून ठेवला होता, आणि सगळं मुसळ केरात. आता हे असं चढत-उतरत जाणारं नातं उलटसुलट क्रमाने करायचं म्हणजे नटांची काय अवस्था होत असेल. दिग्दर्शक नुसतं म्हणायचे, "थोडं प्रेम वाढवा." मग कप्तान आवाज वाढवायचा.

पहिल्याच वर्षी अशा एका प्रसंगाचा नववा टेक चालू असताना माझं डोकं सटकलं. मी स्टुलावरूनच म्हणाले, "आज यांचं तीन आहे."

"कितीपैकी?" कप्तानाने विचारलं.

"दहापैकी. तीन म्हणजे चहा विचारायचा, पण बस म्हणायचं नाही."

पुढचा टेक असा उतरला की दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले. तेव्हापासून प्रथाच पडली. प्रत्येक प्रसंगाआधी दिग्दर्शक माझ्याकडे वळून विचारणार, "ताई, आज यांचं किती?" मी आकडा सांगणार. निर्मातीणबाईंना सुरुवातीला वाटलं सेटवर जुगार चालतो.

शून्य म्हणजे समोरच्याचं नाव आठवायला लागतं. पाच म्हणजे त्याच्या कपातला उरलेला चहा प्यायला काही वाटत नाही. सात म्हणजे तो खोलीत आला की मान न वळवता कळतं. आठ म्हणजे तेच, पण मान वळवल्याशिवाय राहवत नाही. नऊ म्हणजे भांडायची भीती संपते. दहा मी कधी दिला नाही. दहा म्हणजे नेमकं काय, ते मी ठरवलंच नव्हतं, आणि जे ठरलेलं नाही ते मी वहीत लिहीत नाही.

आता कानसेन. ध्वनी टिपणारे आमचे गृहस्थ. त्यांना हे नाव मेकअपच्या मंडळींनी दिलं, कारण ते बोलायचे कमी आणि ऐकायचे इतकं, की तीन भिंतींपलीकडे कोणी बिस्किटाचा पुडा फोडला तर यांचा हात वर. त्यांची खुर्ची माझ्या स्टुलाला लागून. प्रत्येक सेट मोडण्याआधी ते त्या खोलीची एक मिनिट शांतता टिपून ठेवायचे. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो म्हणे, आणि संवादांमधल्या फटी बुजवायला तो लागतो. त्या मिनिटात चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी. एकदा निर्मातीणबाईंचा फोन वाजला, तर यांनी त्यांनाही सोडलं नाही. "परत घेतो," एवढंच म्हणाले, आणि बाईसुद्धा परत एक मिनिट पुतळा झाल्या.

मला ते आवडायचे. झालं, सांगून टाकलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, अख्ख्या यानाच्या नात्यांचे आकडे तोंडपाठ, आणि शेजारच्या खुर्चीचा आकडा काढायचा म्हटला की पेन कोरडं. कधी वाटायचं पाच, कारण माझा चहा ते खुशाल पीत. कधी वाटायचं तीनच, कारण सहा वर्षांत त्यांनी मला मालिकेबाहेरचं काही विचारलं नव्हतं. आणि मी? मी मान वळवायची. दिवसातून चाळीस वेळा वळवायची आणि घड्याळ बघितल्यासारखं करायची. घड्याळ माझ्या हातावरच असायचं.

शेवटचं, सहावं वर्ष चालू होतं. त्या दिवशी यानाच्या खानावळीचा सेट संपवायचा होता. भिंती अंड्यांच्या ट्रेला चंदेरी रंग मारून केलेल्या, हवाबंद दाराला चाक म्हणून कुकरचं झाकण. दोन प्रसंग राहिले होते. एक या वर्षीच्या दुसऱ्या भागातला, जिथे निरोपाचं प्रकरण ताजं आहे आणि इंजिनिअरला कप्तानाचं तोंड बघायचं नाही. त्याचा आकडा एक. दुसरा नवव्या भागातला, जिथे सगळं मिटून कप्तान तिला सांगतो की तुझ्याशिवाय यान परत वळवणार नाही. त्याचा आकडा आठ. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

कानसेनांनी सकाळीच खोलीची शांतता टिपून घेतली. मग यंत्र बंद न करताच हेडफोन गळ्यात उतरवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पुढच्या महिन्यापासून नाहीये इथे." पुढेही ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. माझ्या कानांत कोणीतरी तांदूळ पाखडत होतं. हातातलं पेन पडलं. ते उचलायला वाकले तर वर यावंसं वाटेना.

"ताई, आज यांचं किती?" दिग्दर्शकांनी विचारलं.

प्रसंग होता दुसऱ्या भागातला. मी म्हणाले, "आठ."

पुढच्या प्रसंगाला उरला तो आकडा, म्हणजे एक. चूकसुद्धा मी नीटनेटकी करते.

कोणीही हूं की चूं केलं नाही. सहा वर्षांत नटांची माझ्यावर अशी श्रद्धा बसली होती की मी सांगितलं असतं तर ते भिंतीवरही प्रेम करते. दिग्दर्शकांनी संवाद वाचणं दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं. ते फक्त चेहरे बघायचे, आणि चेहरे सुंदर होते. दुपारी चारपर्यंत खानावळीच्या फळ्या निघाल्या आणि अंड्यांचे ट्रे कचऱ्यात गेले.

तिसऱ्या दिवशी संकलकाचा फोन आला. "ताई, जरा खाली येता? मला वाटतं मी वेडा झालोय."

तो वेडा झाला नव्हता. पडद्यावर इंजिनिअर म्हणत होती, "या टेबलावर तुम्ही बसणार असाल तर मी उभी राहीन," आणि बघत अशी होती की उभं राहून आयुष्य काढीन, पण याच टेबलापाशी. कप्तान म्हणाला, "बसा, मी जातो," आणि जाताना तिचा पेला जरासा तिच्याकडे सरकवून गेला. पटकथेत पेला नव्हताच. मग संकलकाने नववा भाग लावला. "तुझ्याशिवाय हे यान मी परत वळवणार नाही," हे वाक्य कप्तान असं म्हणत होता, जणू 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी वाचतोय.

मी तिथेच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मातीणबाईंच्या खोलीत बैठक. त्यांचं एकच म्हणणं, सेट परत उभा करायला पंधरा दिवस लागतील, पंधरा दिवस नाहीत, आणि हे कोणी केलं? दिग्दर्शक म्हणाले नटांनी केलं. कप्तान म्हणाला, "मला आठ सांगितलं, मी आठ दिलं." दिग्दर्शक म्हणाले, "ताई तिथे आठ सांगतील? शुद्धीवर आहेस का?"

"मीच सांगितलं आठ," मी म्हणाले.

"ताई, कोणाला पाठीशी घालताय?" निर्मातीणबाईंनी विचारलं.

"कोणाला नाही. चुकले मी."

कोणी विश्वासच ठेवेना. इंजिनिअरने माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझ्या मोठ्या मनाचं कौतुक म्हणून. माणसाने वर्षानुवर्षं काटेकोर राहू नये, गरज पडेल तेव्हा कोणी गुन्हासुद्धा कबूल करू देत नाही. शेवटी निर्मातीणबाई कानसेनांकडे वळल्या. "तुमच्या यंत्रात असेल ना? ऐकवा."

कानसेन दाराशी उभे होते. त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "ताई म्हणतात तर असेल. ऐकायलाच हवं असं नाही."

"ऐकवा म्हणते ना."

त्यांनी लावलं. आधी खानावळीची शांतता. मग त्यांचाच आवाज, जवळून. "मी पुढच्या महिन्यापासून नाहीये इथे. एका बेटावर पक्ष्यांचे आवाज टिपायचं काम आहे. आठ महिने. तिथे दोन माणसं लागतात, एक ऐकायला, एक लिहायला." थोडं थांबून, घसा खाकरून, "लिहायला कोणी ठरलेलं नाहीये अजून. मी... म्हणजे मीच ठरू दिलेलं नाही."

त्यानंतर काही नाही. पेन पडल्याचा आवाज. परत काही नाही. मग लांबून दिग्दर्शक, "ताई, आज यांचं किती?" आणि माझा आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, "आठ."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग कानसेनांकडे. मग परत माझ्याकडे. माझे कान असे तापले की वरती पापड भाजले असते.

"एकोणीस सेकंद," लेखिका म्हणाली. मालिकेची लेखिका चोवीस तास मालिकेतच असते, तिला घड्याळ लावायची सवय. "एकोणीस सेकंद तुम्ही काही बोललाच नाहीत, ताई."

"मला ऐकूच आलं नाही," मी म्हणाले. "पहिल्या वाक्यानंतर काहीच ऐकू आलं नाही."

कानसेन वायरीकडे बघत होते. "मला वाटलं, गप्प बसलात तेच उत्तर."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात निर्मातीणबाईंनी टेबलावर हात आपटला. "हे तुमचं नंतर. आधी माझ्या खानावळीचं काय?"

आणि तोंड उघडलेलंच होतं म्हणून त्यातून जे बाहेर पडलं ते भलतंच होतं. मी म्हणाले, "अदलाबदल बरोबर झालीय."

"काय बरोबर झालीय?"

"दोन्ही प्रसंग पुरते एकमेकांच्या जागी आहेत. थोडे थोडे चुकलेले नाहीत. म्हणजे दुसऱ्या भागातल्या खानावळीत नवव्या भागातली माणसं बसलीयत, आणि नवव्यातल्या खानावळीत दुसऱ्यातली. आपलं यान दर वर्षी एकदा तरी काळाच्या भोवऱ्यातून जातंच की. चार मिनिटांसाठी दोघं आपापल्या मागच्या-पुढच्या जागी फेकले गेले, असं म्हटलं तर?"

लेखिका उठून उभी राहिली. मग खुर्चीवर उभी राहिली. "म्हणजे दुसऱ्या भागात तिला माहितीय! पुढे काय होणार ते सगळं तिला माहितीय, पण सांगता येत नाही, सांगितलं तर ते होणार नाही. म्हणून ती भांडणाचीच वाक्यं म्हणते, तीच म्हणते, आणि बघते मात्र..."

"आणि मी पेला सरकवतो," कप्तान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या अभिनयाने तो नेहमीच हेलावतो.

"आणि नवव्यात तो ते वाक्य म्हणतो खरा, पण त्याला कळतच नाही आपण हे का म्हणतोय. समोर तीसुद्धा जुनी, रागावलेलीच आलीय. पण आपण पुढे कुठवर पोचणार, ते तिला त्या वाक्यातून कळतं." लेखिका खुर्चीवरून थेट टेबलावर गेली. "बाई, ही चूक नाहीये, हा आपला शेवट आहे."

निर्मातीणबाईंनी दोन्ही प्रसंग परत बघितले. मग डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या कामात यापुढे असं होता कामा नये." यापुढे उरले होते अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत मी कानसेनांशी काही बोलले का? नाही. ते बोलले का? तेही नाही. त्यांना वाटत असावं, आता सगळ्यांसमोर वाजलंय, बाईला आणखी अवघडवू नये. मला वाटायचं, बैठकीतच बोलायला हवं होतं, आता वेळ गेली. यानावर एक यंत्रमानव होता, पत्र्याचा, भावना नसलेला, त्याला आम्ही डबा म्हणायचो. आम्ही दोघं शेजारी बसलेले दोन डबे झालो होतो. चहा मात्र ते माझाच पीत.

घरी आईला सांगितलं. आईने सहाही वर्षं एक भाग चुकवलेला नाही. ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"त्या इंजिनिअरला किती वर्षं लागली त्याच्याशी नीट बोलायला?"

"चार."

"त्यातही तिला सतरा दिवस कोंडायला लागलं. तेव्हा तू इथे बसून काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, ही बाई इतकी हुशार आणि एवढं साधं कसं दिसत नाही हिला."

"आई, आठ महिने आहेत. तुझं काय?"

"मी धाकटीकडे जाते. तिचा टीव्ही मोठा आहे." आणि चष्मा लावून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू सहा वर्षं लोकांना सांगत आलीस आज तुमचं किती. एकदा स्वतःचं सांग. बरोबर की चूक ते तो बघेल."

शेवटचा दिवस. यानाचा नियंत्रण कक्ष, मोठी खिडकी, खिडकीबाहेर हिरवा पडदा, जिथे नंतर पृथ्वी उमटणार होती. प्रसंग एकच. कप्तान आणि इंजिनिअर शेजारी उभे राहून घर जवळ येताना बघतात. दिग्दर्शकांनी विचारलं, "ताई, आज यांचं किती?" मी सांगितलं, "नऊ." पहिल्याच टेकला झालं. टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या. मेकअपची बाई कप्तानाच्या खांद्यावर रडली आणि त्याचाच मेकअप बिघडला.

मग कानसेनांनी हात वर केला. "खोलीची शांतता. एक मिनिट. कोणी हलायचं नाही."

सगळे थबकले. शेवटची शांतता होती, म्हणून नेहमीपेक्षा जास्त थबकले. कानसेनांनी हेडफोन चढवले आणि यंत्र चालू केलं. मी स्टुलावर, वही मांडीवर, डोळे घड्याळावर.

पाच सेकंद. दहा. मी विचार केला की या मिनिटानंतर यंत्र पेटीत जाईल, पेटी गाडीत जाईल आणि गाडी बेटावर जाईल. पंधरा. माणसाने किती वेळ गप्प बसावं याला काही मर्यादा आहे. अठरा. एकोणीस.

"दहा," मी म्हणाले.

मायक्रोफोन माझ्या डोक्यावरच होता. चाळीस माणसांनी मान न हलवता फक्त डोळे फिरवले. कप्तानाने इंजिनिअरकडे बघितलं, ते घाबरून, की आता दहा करायचं म्हणजे काय करायचं.

"तुमचं नाही," मी म्हणाले. आता मोडलीच होती शांतता, तर पुरती मोडू दे. "तुमचं नऊच आहे. हे आमचं. मला त्या दिवशी नीट ऐकू आलं नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण मी लिहून घेईन."

कानसेनांनी यंत्र बंद केलं नाही. त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि मिनिट पुढे चालू राहिलं. उरलेले पंचवीस-एक सेकंद त्या खोलीत कोणीही श्वास घेतला नाही. लेखिकेने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं. दिग्दर्शकांचे खांदे गदगदत होते. निर्मातीणबाईंनी पर्समधून फोन काढून, बघून, बंद करून परत ठेवला, सगळं बोटांच्या टोकांनी. मी मान वळवली होती आणि घड्याळ बघितल्याचं नाटक केलं नव्हतं. कानसेन डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

साठ सेकंद झाले. त्यांनी हेडफोन काढले.

"आवाज चांगला आलाय," ते म्हणाले. घसा खाकरला. "तरी सेफ्टीसाठी आणखी एकदा घेऊ."

सहा वर्षांत या माणसाने चांगल्या आलेल्या आवाजाला दुसरा टेक मागितला नव्हता. आणि मी रिटेकच्या किती विरोधात आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"दहा," मी परत म्हणाले, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

मग जो गोंगाट झाला तो तीन भिंतींपलीकडे गेला असेल. डब्याच्या पत्र्यावर कोणीतरी चमच्याने ताल धरला. त्या गोंधळात दिग्दर्शकांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पण ताई, दहा म्हणजे नेमकं काय, ते लिहून ठेवलंय का?"

"नाही अजून," मी म्हणाले. "आठ महिन्यांनी सांगते."

आणि कानसेनांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण खोलीची शांतता अजून घ्यायची राहिलीच होती.